यकृतार्बुद आणि कुलवृत्त : ‘आनुवंशिक’ या शब्दाआड काय दडते?

यकृताच्या कर्करोगाचा रुग्ण वैद्याच्या पायरीशी येतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. यकृत हा सोशिक अवयव आहे. त्याचा मोठा भाग निकामी होईपर्यंत ते तक्रार करीत नाही, आणि करते ती अग्निमांद्य, थकवा, उजव्या कुशीतील जडपणा अशा सर्वसामान्य लक्षणांनी. यामुळे या व्याधीत रोग होण्यापूर्वीची विचारपूस, म्हणजेच कोणाला धोका अधिक आहे हे ओळखणे, औषधयोजनेइतकेच मोलाचे ठरते. गेल्या तीन दशकांत जनुकशास्त्राने या विषयावर बराच प्रकाश टाकला आहे. तो आपल्या वैद्यवर्गापर्यंत आणि विशेषतः औषधी निर्मात्यांपर्यंत पुरेसा पोहोचलेला नाही, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखाचे निमित्त मात्र शास्त्रीय वाचनाचे नाही. ते आमच्या स्वतःच्या चुकीचे आहे.

२००४ सालच्या पावसाळ्यात आमच्याकडे एक चाळिशीतील गृहस्थ आले. तालुक्याच्या बाजारपेठेत त्यांचे शेंगदाणा व धान्याचे दुकान होते. थोरले बंधू आदल्याच वर्षी यकृताच्या अर्बुदाने गेले होते, वडील त्याआधी जलोदराने गेले होते. आम्ही कुलवृत्त विचारले, ते केसपेपरवर व्यवस्थित लिहिले आणि त्याखाली ‘आदिबलप्रवृत्त यकृद्दुष्टी’ असे निदान नोंदविले. आरोग्यवर्धिनी, भूम्यामलकी, पुनर्नवा, मृदू विरेचन आणि पथ्यात ताक अशी योजना केली. भूक सुधारली, रुग्ण समाधानी, आम्हीही समाधानी. आठ महिन्यांनी ते उजव्या बाजूच्या वेदना घेऊन परत आले, तेव्हा सोनोग्राफीत नऊ सेंटिमीटरची गाठ निघाली. शहरातील रुग्णालयात रक्त तपासले, तर हिपॅटायटिस बी विषाणूचा पृष्ठीय अँटिजेन, म्हणजे ज्याला आपण एचबीएसएजी म्हणतो तो, होकारार्थी आला. नंतर कुटुंबातील सर्वांची तपासणी झाली. वृद्ध आई व विवाहित बहीण, दोघींच्या रक्तात तोच विषाणू होता. आईने आम्हांला विचारले, “डॉक्टर, मला तर उभ्या जन्मात कधी कावीळ झाली नाही, मग माझ्या रक्तात हे आलं कुठून?”

या प्रश्नाचे उत्तर देताना आमच्या लक्षात आले की ‘आनुवंशिक’ हा शब्द लिहून आम्ही चौकशी संपविली होती. वस्तुतः तेथून ती सुरू व्हायला हवी होती. घराण्यात चालत आलेली प्रत्येक गोष्ट बीजातून आलेली नसते. प्रसूतीच्या वेळी मातेकडून अपत्यास मिळालेला विषाणूही घराण्यातच चालतो. एकाच गोदामातील धान्य, एकाच चुलीवरचे अन्न आणि एकाच ताटातील सवयीही घराण्यातच चालतात. यांच्या जोडीला खरोखरच बीजातून आलेले काही सूक्ष्म फरक असतात. या तिन्हींची गुंतागुंत सोडविल्याशिवाय यकृतार्बुदाचे कुलवृत्त वाचता येत नाही.

दोन प्रकारचे बदल

जनुकीय बदल म्हटले की वाचकांच्या मनात एकच चित्र येते. प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या गोष्टी या एका नावाने ओळखल्या जातात. पहिला बदल जन्मतः असतो. तो शुक्र-शोणितातून येतो, शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो आणि पुढील पिढीकडे जाऊ शकतो. चरकसंहितेतील शारीरस्थानात बीज, बीजभाग आणि बीजभागावयव असा जो सूक्ष्म भेद केला आहे, त्याचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. दुसरा बदल जन्मानंतर, एखाद्या विषामुळे वा विषाणूमुळे, केवळ यकृताच्या काही पेशींत घडतो. तो मुलाबाळांकडे जात नाही. कर्करोग प्रत्यक्षात उभा राहतो तो या दुसऱ्या प्रकारच्या बदलांवर. पहिल्या प्रकारचे बदल बहुतेक वेळा एवढेच ठरवितात की दुसरे बदल घडण्यास वाट किती मोकळी आहे.

दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण चीनमधील आहे. यांगत्से नदीच्या मुखाशी, शांघायच्या उत्तरेस, चिडोंग नावाचा प्रदेश आहे. उष्ण व दमट हवा, मका हे मुख्य अन्न आणि यकृताच्या कर्करोगाचे प्रचंड प्रमाण यांसाठी तो वैद्यकविश्वात परिचित आहे. १९९१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दोन शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले, एक चिडोंगमधील रुग्णांवर व दुसरा आफ्रिकेच्या दक्षिण भागातील रुग्णांवर. दोन्ही ठिकाणच्या अर्बुदांत टीपी५३ या जनुकाच्या एकाच जागी, २४९ व्या स्थानावर, एकच चूक वारंवार आढळली. एजीजी या तीन अक्षरांच्या जागी एजीटी झाले होते. परिणामी प्रथिनात आर्जिनिनच्या जागी सेरीन बसले होते. टीपी५३ हे जनुक पेशीचे पहारेकरी मानले जाते. बिघडलेल्या पेशीला थांबविणे किंवा तिचा नाश घडवून आणणे हे त्याचे काम. पहारेकरीच नादुरुस्त झाल्यावर बिघडलेली पेशी वाढत राहते.

हजारो मैल दूर असलेल्या दोन प्रदेशांत चूक त्याच एका अक्षरात का व्हावी? कारण दोन्हीकडे विष एकच होते. ते म्हणजे अफ्लाटॉक्सिन, दमट धान्यावर वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे विष. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीतून या विषाचा शोध लागला. यातील बी१ हा प्रकार सर्वांत घातक. आपल्या देशालाही त्याची ओळख फार कटू रीतीने झाली. १९७४ च्या शरदात राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांत कावीळ व जलोदराची साथ पसरली. सुमारे चारशे लोक आजारी पडले, शंभराहून अधिक दगावले. अवकाळी पावसात भिजलेला बुरशीयुक्त मका त्यांनी खाल्ला होता. घरचे कुत्रेही त्याच लक्षणांनी मेले. साथीचा तर्क त्यामुळेच विषाणूकडून अन्नाकडे वळला.

एकाच विषाचे निरनिराळे पचन

अफ्लाटॉक्सिन पोटात गेल्यावर थेट घात करीत नाही. यकृतातील सायटोक्रोम गटाची विकरे (एन्झाइमे) प्रथम त्याचे रूपांतर एपॉक्साइड नावाच्या अत्यंत चंचल द्रव्यात करतात. हे द्रव्य डीएनएमधील ग्वानिन या घटकाला चिकटते आणि त्या ठिकाणी लिपी चुकते. टीपी५३ मधील चूक अशीच घडते. शरीराजवळ यावर तोडगाही आहे. ग्लुटाथायोन-एस-ट्रान्स्फरेज आणि एपॉक्साइड हायड्रोलेज या दोन विकरांनी हे द्रव्य निरुपद्रवी करून बाहेर टाकता येते. एक अग्नी विष जागवितो, दुसरा ते शमवितो, अशी यकृतातील भूताग्नीशी तुलना करण्याचा मोह आम्हांलाही झाला. परंतु अशा तुलना विद्यार्थ्यांना समजाविण्यापुरत्याच ठेवाव्यात, त्यांनी सिद्ध काहीच होत नाही.

महत्त्वाचा मुद्दा असा की ही शमन करणारी विकरे सर्वांकडे सारखी नसतात. जीएसटीएम१ हे जनुक काही लोकांत मुळातच गैरहजर असते. युरोपीय व चिनी लोकांत असे सुमारे निम्मे लोक आढळतात, तर भारतीयांत हे प्रमाण त्याहून कमी आहे. एपॉक्साइड हायड्रोलेजच्या जनुकातही मंद काम करणारी रूपे आहेत. १९९५ साली अमेरिकी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात या दृष्टीने घाना व चीन येथील लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या विकरांची दुर्बल रूपे असलेल्या व्यक्तींत अफ्लाटॉक्सिनचे शरीरातील अवशेष अधिक, आणि चिनी रुग्णांत यकृताच्या कर्करोगाशी त्या रूपांचा संबंध, असे त्यात दिसून आले. सारखाच मका खाणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी एकालाच रोग का झाला, या आपल्या नेहमीच्या प्रश्नाचे हे एक अंशतः उत्तर आहे. अंशतः म्हणण्याचे कारण असे की पुढील अभ्यासांत या संबंधाचे बळ ठिकठिकाणी कमीजास्त आले. विष नसेल तेथे ही जनुके निष्प्रभ राहतात. लढाईच नसेल तर ढाल दुबळी असून बिघडत नाही.

विषाला विषाणूची जोड मिळाली म्हणजे काय होते, हे शांघायमधील १८,२४४ पुरुषांच्या दीर्घकालीन अभ्यासाने दाखविले. केवळ अफ्लाटॉक्सिनचा संपर्क असलेल्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे साडेतीन पट होता. केवळ हिपॅटायटिस बी असलेल्यांत तो सुमारे सात पट होता. दोन्ही असलेल्यांत तो जवळजवळ साठपट झाला. हे आकडे आम्ही प्रथम वाचले तेव्हा डोळ्यांसमोर शेंगदाण्याच्या त्या दुकानाचे चित्र आले. दुकानातील माल आम्ही कधी तपासला नाही, त्यामुळे त्याविषयी काही विधान करणे अन्यायाचे होईल. पण खवट, काळपट दाणे वेगळे काढून ते घरच्या वापरासाठी ठेवण्याची पद्धत आपल्याकडील अनेक घरांत आहे, ही गोष्ट मात्र आम्ही जाणतो.

विषाणू स्वतःही यकृतपेशीच्या लिपीत ढवळाढवळ करतो. हिपॅटायटिस बीच्या जनुकीय द्रव्याचे तुकडे आपल्या गुणसूत्रांत शिरून बसतात. म्हणूनच या विषाणूच्या रुग्णांत यकृत कठीण होण्याच्या, म्हणजे सिऱ्हॉसिसच्या, अवस्थेआधीही कर्करोग उद्भवू शकतो. संसर्ग कोणत्या वयात झाला यालाही फार महत्त्व आहे. जन्मतः संसर्ग झालेल्या बालकांपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत बालकांत तो कायम राहतो, प्रौढपणी झालेला संसर्ग मात्र बहुतेकांच्या शरीरातून निघून जातो. कोणाच्या शरीरातून निघून जाईल हेही काही अंशी बीजावर अवलंबून असते. २००९ साली जपानी संशोधकांनी प्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए-डीपी जनुकांतील फरक आणि या विषाणूचा चिवटपणा यांचा संबंध दाखवून दिला. त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर यातच होते. तिलाही बहुधा बालपणीच संसर्ग झाला असावा. कावीळ न होताच विषाणू आयुष्यभर मुक्कामास राहिला आणि तिन्ही अपत्यांकडे गेला. ती स्वतः ऐंशीच्या घरात पोहोचली, थोरला पन्नाशीही पाहू शकला नाही. विषाणू तोच, घर तेच. हा फरक कशाचा, हे सांगण्याइतके ज्ञान आजही कोणाजवळ नाही.

मेदाचा मार्ग

विषाणूची लस सर्वत्र पोहोचू लागली तसा या रोगाचा दुसरा मार्ग अधिक ठळक दिसू लागला. तो म्हणजे यकृतात साठणारा मेद. मधुमेह, स्थौल्य आणि मद्यपान हे त्याचे परिचित हेतू. २००८ साली अमेरिकेतील डॅलस येथील लोकसमूहाच्या अभ्यासातून पीएनपीएलए३ या जनुकातील एक फरक पुढे आला. या जनुकाच्या प्रथिनात १४८ व्या स्थानी आयसोल्यूसिनऐवजी मेथिओनिन असेल, तर यकृतात मेद अधिक साठतो. मेक्सिको व लॅटिन अमेरिकेतून आलेल्या वंशाच्या लोकांत हे रूप सर्वाधिक, आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांत सर्वांत कमी आढळले, आणि मेदयकृताचे प्रमाणही त्याच क्रमाने होते. बदललेले प्रथिन यकृतपेशीतील मेदबिंदूंवर जमून राहते आणि मेदाच्या विघटनाला अडथळा करते, असे पुढे समजले. भारतीय रुग्णांवरील अभ्यासांतही या रूपाचा मेदयकृताशी संबंध आढळला आहे.

कर्करोगाच्या दृष्टीने पाहता, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात मेदयकृताच्या रुग्णांपैकी ज्यांच्याकडे या रूपाच्या दोन्ही प्रती होत्या, त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका एकही प्रत नसलेल्यांच्या सुमारे पाचपट निघाला. पाचपट हा शब्द भयावह वाटतो. परंतु मुळातील धोका अल्प असेल तर त्याची पाचपटही मर्यादितच राहते, हे रुग्णास सांगताना विसरू नये. उलट दिशेचाही एक फरक सापडला आहे. एचएसडी१७बी१३ या जनुकाचे निष्क्रिय रूप जीर्ण यकृतरोगापासून काही प्रमाणात संरक्षण देते, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. बीजात दोषच असतात असे नव्हे, बळही असते.

चिकित्सकाच्या दृष्टीने यातील सर्वांत उत्साहवर्धक गोष्ट वेगळीच आहे. पीएनपीएलए३ चे सदोष रूप असलेल्या व्यक्तींनी आहार नियंत्रित करून वजन उतरविले, तेव्हा त्यांच्या यकृतातील मेद निर्दोष रूप असलेल्यांच्या तुलनेत अधिक प्रमाणात घटला, असे एका छोट्या अभ्यासात दिसले आहे. ज्याचे बीज प्रतिकूल, त्यालाच पथ्याचा लाभ अधिक! लंघन, व्यायाम, मेदोहर आहार यांचा आग्रह धरणाऱ्या वैद्यास यापेक्षा दुसरा कोणता आधार हवा? मात्र त्यासाठी प्रत्येक रुग्णाची जनुकचाचणी करावी असे आम्ही सुचवीत नाही. घरी लाळ गोळा करून पाठविण्याच्या चाचण्यांच्या जाहिराती आता आपल्या रुग्णांपर्यंत पोहोचल्या आहेत. मेदयकृत आणि मधुमेह असलेल्या स्थूल रुग्णास जो सल्ला द्यायचा, तो त्या चाचणीच्या निकालाने बदलत नाही.

प्रकृती आणि जनुके

येथे आपल्या वाचकांच्या मनात प्रकृतीचा प्रश्न उभा राहणारच. पुणे विद्यापीठात डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकृती आणि एचएलए जनुके यांचा संबंध तपासण्याचा प्रयत्न २००५ साली प्रसिद्ध केला. पुढे २०११ साली औषधांचे पचन करणाऱ्या सीवायपी२सी१९ या जनुकाची रूपे आणि प्रकृती यांचा अभ्यास आला. दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेतील संशोधकांनी २००८ पासून ‘आयुर्जीनोमिक्स’ या नावाने हाच धागा पुढे नेला. हैदराबादच्या कोशिकीय व आण्विक जीवशास्त्र केंद्राच्या सहभागाने २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रकृतिभेदाशी निगडित असे काही जनुकीय फरक दाखविण्यात आले. हे कार्य अभिमानास्पद आहे. परंतु यांपैकी कोणत्याही अभ्यासाने अमुक प्रकृतीच्या व्यक्तीस यकृतार्बुद होते वा होत नाही, असे दाखविलेले नाही. ‘तुमची प्रकृती कफप्रधान, तुम्हांस यकृताची भीती नाही’ असे आश्वासन एका तरुण वैद्याने रुग्णास दिल्याचे आमच्या कानावर आले. अशा आश्वासनास ना संहितेचा आधार आहे ना प्रयोगशाळेचा. सुश्रुतांनी आदिबलप्रवृत्त व्याधींबरोबरच दोषबल, संघातबल, कालबल अशी इतर कारणेही सांगितली आहेत. आम्ही त्या केसपेपरवर पहिले पद लिहिले आणि बाकीची विसरलो.

भूम्यामलकीविषयीही थोडे स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मद्रासच्या संशोधकांनी या वनस्पतीच्या महिनाभराच्या वापरानंतर हिपॅटायटिस बीच्या ५९ टक्के वाहकांतून पृष्ठीय अँटिजेन नाहीसे झाल्याचे नोंदविले, तेव्हा आपल्या सर्वांनाच आनंद झाला होता. आमच्या पिढीच्या वैद्यांची भूम्यामलकीवरील श्रद्धा बऱ्याच अंशी त्या एका निबंधावर उभी आहे. नंतरच्या अभ्यासांत तसा परिणाम मिळाला नाही. आम्ही हे औषध आजही वापरतो, पण विषाणूचा रुग्ण तपासणीविना केवळ त्याच्या भरवशावर ठेवीत नाही.

फार्मसीच्या गोदामात

औषधी निर्मात्यांसाठी या विषयाचा सर्वांत निकडीचा भाग आता सांगतो. अफ्लाटॉक्सिन केवळ मक्यात व भुईमुगात होते असे नाही. १९८८ साली बिहारमधील भागलपूर येथील संशोधकांनी साठवणीतील पंधरा काष्ठौषधींचे नमुने तपासले, त्यांपैकी चौदांत अफ्लाटॉक्सिन सापडले. मिरीसारखे नित्याचे द्रव्यही त्यात होते. ज्या चूर्णाने यकृताचे रक्षण करावयाचे, त्याच चूर्णातून यकृताचे विष जावे, याहून मोठी विटंबना नाही. आणि घेणारा रुग्ण आधीच विषाणूग्रस्त असेल, तर शांघायच्या आकड्यांचा अर्थ काय होतो, हे वाचकांनीच पाहावे.

यासंबंधी काही गैरसमज दृढ आहेत. बुरशी आलेला माल उन्हात टाकून, झटकून, चाळून घेतला की तो शुद्ध झाला, असे अनेक अनुभवी मंडळी मानतात. उन्हाने बुरशी मरेल, पण तिने सोडलेले विष द्रव्यातच राहते. काढा उकळून वा चूर्ण तुपात परतूनही ते नष्ट होत नाही. डोळ्यांना बुरशी दिसत नाही म्हणून विष नाही, असाही निर्वाळा देता येत नाही. खरा उपाय बुरशी येण्यापूर्वीचा आहे. संग्रहानंतर लगेच पूर्ण वाळविणे, ओलसर माल पोत्यांत न बांधणे, पोती जमिनीवर वा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवणे, पावसाळ्यापूर्वी वर्षभराचा साठा न करणे. कोकणात व घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये गोदामातील हवाच इतकी दमट असते की वाळविलेला माल पुन्हा ओल धरतो. आमच्या परिचयाच्या एका निर्मात्याने त्या दोन महिन्यांत पिंपळी, यष्टिमधू, शतावरी यांची खरेदीच बंद केली. धंद्यात तोटा सोसला, पण पद्धत मोडली नाही. कच्च्या मालाची अफ्लाटॉक्सिनसाठी तपासणी प्रयोगशाळेतून होऊ शकते. प्रत्येक पोत्याची नव्हे, निदान प्रत्येक खेपेची करावी. खर्च होतो, हे खरे.

याच ओघात ईश्वरी व कीटमारी या द्रव्यांचाही उल्लेख करतो. ही अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील असून त्यांत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते. वृक्कांचा नाश व मूत्रमार्गाचा कर्करोग यांबद्दल ते कुप्रसिद्ध होतेच. २०१७ साली तैवानमधील ९८ यकृतार्बुदांची संपूर्ण जनुकलिपी तपासली असता, त्यांपैकी ७८ टक्के अर्बुदांत या आम्लाची ओळखखूण असलेले जनुकीय बदल सापडले. अफ्लाटॉक्सिन जसे २४९ व्या स्थानावर आपली सही करून जाते, तशीच ही दुसरी सही. तैवानने या आम्लाच्या वनौषधींवर २००३ सालीच बंदी घातली होती, पण आधीच्या वर्षांत झालेले बदल पेशींत टिकून राहिले होते. ही द्रव्ये ग्रंथोक्त आहेत, हे आम्ही जाणतो. तरीही आमच्या मते ती पोटात देऊ नयेत, आणि फार्मसीने कच्च्या मालात त्यांची भेसळ होत नाही याची खात्री करावी.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. चिडोंगमध्ये १९८० नंतर शेतमालाचे धोरण बदलले, लोक मक्याऐवजी तांदूळ खाऊ लागले, रक्तातील अफ्लाटॉक्सिनचे अवशेष झपाट्याने घटले. त्यामागोमाग यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यूही कमी होत गेले, आणि तेही लस घेतलेली पिढी प्रौढ होण्यापूर्वीच. लोकांची जनुके तीच राहिली, ताट बदलले. तेथेच १८० व्यक्तींवर झालेल्या एका प्रयोगात वनस्पतींच्या हरितद्रव्यापासून बनविलेले क्लोरोफिलिन जेवणाबरोबर चार महिने दिले असता, मूत्रातील अफ्लाटॉक्सिन-डीएनए संयोगाचे प्रमाण ५५ टक्क्यांनी घटले. यामुळे कर्करोग टळतो असे सिद्ध झालेले नाही, तरी आपल्या हरितद्रव्यांवर असा काटेकोर प्रयोग कोणी करील तर त्याचे स्वागतच होईल. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस देण्यास आरंभ केला, तेव्हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण लाखात ०.७० वरून ०.३६ वर आले. आपल्या देशात ही लस २००२ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०११-१२ पासून सर्वत्र राष्ट्रीय कार्यक्रमात आली. जन्मानंतर २४ तासांच्या आतील मात्रा सर्वांत महत्त्वाची आहे, आणि गरोदर स्त्रीस मासानुमासिक परिचर्या सांगणाऱ्या वैद्याने हे सांगणे चुकवू नये. २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रमाखाली शासकीय केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

ज्यांच्यात विषाणू आधीच आहे त्यांच्यासाठी नियमित पाळत हाच मार्ग. शांघायमध्ये सुमारे १८,८०० धोकाग्रस्त व्यक्तींवर झालेल्या चाचणीत, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीनची तपासणी केलेल्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. ही सुविधा आता बहुतेक तालुक्यांच्या गावी आहे.

त्या गृहस्थांचे निधन त्याच वर्षीच्या दिवाळीपूर्वी झाले. त्यांची बहीण त्या वेळी अडतीस वर्षांची होती. तिचे विषाणूविरोधी उपचार शहरातील यकृततज्ज्ञांकडे चालतात, पथ्य आणि अग्निदीपन आमच्याकडे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीचा कागद घेऊन ती येते, आम्ही तो तिच्याच फायलीत लावतो. तिच्या दोन्ही मुलांची तपासणी नकारार्थी आली आणि दोघांनी लसीच्या तिन्ही मात्रा घेतल्या. आमच्या केसपेपरवर कुलवृत्ताच्या रकान्याखाली आम्ही तीन प्रश्न छापून घेतले आहेत : मातेची व भावंडांची एचबीएसएजी तपासणी झाली आहे काय, घरात मधुमेह, मेदयकृत, मद्यपान आहे काय, धान्य, दाणे व चालू असलेली औषधे कोठून येतात आणि कशी साठविली जातात. ज्या सभासदांना या केसपेपरचा नमुना हवा असेल, त्यांनी संपादकांकडे मागणी नोंदवावी. आम्ही तो पाठवून देऊ.